बाकाखालचा पत्रा

“मग मशीन कुठलं घेऊ, तेवढंच सांगा.”

जिनपालने पुन्हा विचारलं.

दाऊद शिकलगार बाजेवर बसून रॉकेलच्या बोळ्याने बोटांचं ग्रीस पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय काय करणार आहेस त्याच्यावर?”

“सगळं.”

“सगळं...”

“गाड्यांचा पत्रा, दारं, मडगार्ड. आलं तर गेट, आल्या तर खिडक्यांच्या जाळ्या. घरामागंच शेड घातलंय. दारात आलेलं काम परत कशाला पाठवायचं?”

दाऊद उस्तादांनी बोळा बाजूला ठेवला.

“सगळंच करायचं असेल, तर कुठलंही घे.”

एवढं बोलून ते उठले आणि पडद्याआड गेले.

जिनपाल तिथेच उभा राहिला. आपल्याला टाळलं गेलं आहे, हे त्याला कळलं होतं. का टाळलं, हेही कळलं आहे असं त्याला वाटत होतं.

जयसिंगपूरहून शिरोळकडे जाणाऱ्या रस्त्याला दाऊदचाचांचं शेड होतं. काम गाड्यांच्या पत्र्याचं. ठोकर बसून चेपलेली दारं यायची, गंजून चाळण झालेले तळ यायचे, उसाच्या ट्रॉलीला घासून फाटलेले मडगार्ड यायचे. जिनपाल मगदूम विशीत असताना तिथे शिकायला आला आणि पस्तिशी गाठेपर्यंत राहिला. चेपलेला पत्रा आतून ठोकून मूळ आकारात आणण्यात त्याचा हात धरणारा त्या पट्ट्यात कुणी नव्हता. लोक शेडवर येऊन थेट त्याचं नाव विचारायचे. आपलं नाव विचारतात हे त्याला ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

पण जोडकामाला उस्तादांनी त्याला कधी बसवलं नाही.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात जाड ताडपत्रीचा पडदा होता. वेल्डिंग त्या पडद्याआड व्हायचं आणि ते उस्ताद स्वतः करायचे. आत निळा उजेड चमकायचा आणि लगेच विझायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा चमकायचा.

बाहेर ठोकाठोकी करणाऱ्यांच्या डोक्यात त्या पडद्याविषयी नाना शंका. कुणी म्हणायचं, परदेशी मशीन आहे. कुणी म्हणायचं, तारेला कसलीशी पूड लावतात. एकाने फटीतून डोकावून पाहिलं होतं. चाचा नुसते बसून होते, असं त्याने सांगितलं. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

जिनपालने तर एकदा आत जाऊनच पाहिलं. उस्ताद कुणाच्याशा लग्नाला मिरजेला गेले होते. पडदा सारून तो आत शिरला. एक लहानसं, रंग उडालेलं मशीन होतं. शेजारी गॅसचा सिलिंडर, बारीक तारेचं रीळ, बसायला पाट. बाकी काही नाही.

तो बाहेर आला तो आणखी संशय घेऊन. इतकं साधं असेल, तर पडदा कशाला? खरं मशीन त्यांनी उचलून घरी ठेवलेलं असणार. हे नुसतं दाखवायला आहे.

अशा मनाने तो त्या दिवशी मशीनचं विचारायला गेला होता. विचारण्याआधीच त्याने एक गोष्ट ठरवून टाकली होती. उस्ताद ज्याचं नाव घेतील ते सोडून दुसरं घ्यायचं. आपल्याच भागात आपल्याच शिष्याने दुकान थाटावं, असं कुणाला वाटेल? ते चुकीचंच नाव सांगणार.

आणि उस्तादांनी तर नावच घेतलं नाही.

*

सांगलीच्या दुकानदाराने त्याला बसवलं, चहा मागवला आणि कुठून आलात ते विचारलं. जिनपालने सांगितल्यावर तो हसला.

“दाऊदचाचांकडचे? ते नाही सांगणार तुम्हाला.”

जिनपालला वाटलं, बघा. बाहेरच्या माणसालाही माहीत आहे.

दुकानदाराने एक मोठं लाल मशीन पुढे ओढलं. त्यावर आकडे उजळत होते. याच्यावर गेट होतं, ट्रॉली होते, गाडीचा पत्राही होतो, असं तो सांगत होता. गॅसच्या सिलिंडरची भानगड नाही, तारेच्या पोटातच मसाला भरलेला आहे, घरच्या विजेवर चालतं, उघड्यावर कुठेही बसून मारा. घरी काम करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

मागच्या भिंतीला गोणपाटाखाली एक लहान मशीन पडलं होतं. जिनपालने बोट दाखवून विचारलं.

ते नुसतं बारीक पत्र्याचं, दुकानदार म्हणाला. त्याला सिलिंडर लागतो. त्याच्यावर गेट होत नाही. कुणी मागत नाही.

जिनपालने गोणपाट उचलून पाहिलं. उस्तादांच्या पडद्यामागे दाखवायला ठेवलेलं, तसलंच होतं. तो मनातल्या मनात हसला आणि गोणपाट पुन्हा टाकलं.

लाल मशीन टेम्पोत घालून तो आपल्या गावी, उदगावला आला.

घरामागचं शेड दोन बाजूंनी उघडं होतं. नदीकडून वारा यायचा. त्रिशलाने, त्याच्या बायकोने, मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शेजारपाजारचे बघायला आले. आकडे उजळताना पाहून सगळ्यांना बरं वाटलं.

पहिलं मोठं काम सातगोंडाचं आलं. सातगोंडा पाटील त्रिशलाच्या नात्यातला, शांत माणूस. गावातली मुलं व्हॅनमध्ये भरून जयसिंगपूरच्या शाळेत न्यायचा आणि आणायचा. जिनपालची मुलगी चंदनाही त्यातच जायची. व्हॅनच्या मागच्या बाकाखालचा पत्रा गंजाने खाल्ला होता. बाकाचे पाय ज्या पट्टीला बोल्टने आवळलेले असतात, तिच्या कडेने हाताची बोटं आरपार जात होती. सातगोंडाने गाडी लावली आणि म्हणाला, तुझ्याकडं आहे म्हणजे मला काळजी नाही.

जिनपालने गंजका भाग कापून काढला. नवा पत्रा मापात कापला. त्याला हातोडीने तळाचा आकार दिला, तो इतका नेमका बसला की फट शोधावी लागावी. इथवरचं काम त्याचं होतं.

मग त्याने मशीन सुरू केलं.

पहिल्याच स्पर्शाला पत्र्याला भोक पडलं.

त्याने आकडा खाली आणला. पुन्हा भोक. आकडा आणखी खाली आणला, अगदी शेवटाला नेला. तिथेही ते मशीन त्या पत्र्याला जास्तच होतं. ठिणग्या उडायच्या, पत्रा लाल व्हायचा आणि वितळून खाली गळायचा. पडलेलं भोक बुजवायला गेलं की शेजारी दुसरं पडायचं. घरातला पंखा मंदावायचा आणि त्रिशला आतून विचारायची, वीज गेली का? तो भोक बुजवतच राहायचा.

आधी त्याला वाटलं, दुकानदाराने फसवलं. मग वाटलं, तार खराब. मग घाम पुसत बसला असताना वाटलं, दुकानदार आणि उस्ताद यांचं आतून काही असेल. नाहीतर त्याने चाचांचं नाव ऐकून का हसावं?

असा विचार करत तो पुन्हा मशीनची गन उचलायचा आणि आणखी भोकं पाडायचा.

शेवटी त्याने धातूचे गोळेच्या गोळे चढवले. कुठे ते खालच्या पत्र्याला धरले, कुठे नुसते वर बसले. ग्राइंडर फिरवून सगळं सपाट केलं. त्यावर पुट्टी भरली, घासली. वरून काळा लेप दिला. बाक जागेवर बसवून बोल्ट आवळले.

वरून पाहिलं तर तो तळ कारखान्यातून आल्यासारखा दिसत होता. लपवण्यापुरता त्याचा हात अजून कसबी होता.

सातगोंडाने वाकून पाहिलं, हात फिरवला आणि खूश होऊन गाडी घेऊन गेला.

त्या संध्याकाळी हात धुता धुता जिनपाल त्रिशलाला म्हणाला की सातगोंडाला सांग, चंदनाला उद्यापासून पुढच्या सीटवर बसवत जा म्हणावं. मागं बसून तिला मळमळतं.

त्रिशला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“तिला कधी मळमळलं?”

जिनपालने साबण पुन्हा हाताला लावला.

त्रिशलाने भाकरी तव्यावर टाकली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन दाराशी आली, तेव्हा ती बराच वेळ मागच्या बाकावर बसलेल्या पोरांकडे पाहत उभी होती.

*

पुढे व्हॅनचं सरकतं दार अडकायला लागलं. जिनपाल त्या दिवशी सामान आणायला कोल्हापूरला गेला होता, म्हणून सातगोंडाने शाळेकडूनच गाडी दाऊदचाचांच्या शेडला लावली.

संध्याकाळी गाडी परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलं कुणाच्यातरी जीपमधून शाळेला गेली. सातगोंडा सांगत होता, चाचा म्हणतात दाराचं चाक मिळत नाही, मागवलंय. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

जिनपालच्या डोक्यात किडा शिरला. दाराचं चाक जयसिंगपूरच्या कुठल्याही दुकानात मिळतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. मग गाडी का अडकवून ठेवली? माझं गिऱ्हाईक फोडायचं आहे. नाहीतर माझं काम उकलून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असतील. बघा, माझ्याकडून गेला आणि काय करून ठेवलं. बाजेवर बसून सांगत असतील आणि लोक हसत असतील.

त्याला जेवण गेलं नाही. भर दुपारी त्याने मोटरसायकल काढली.

शेडवर कुणी हसत नव्हतं. दुपारची सुट्टी होती. उस्ताद बाजेवर बसून पेरूच्या फोडी करत होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली.

जिनपाल बसला नाही. व्हॅन कुठं आहे, म्हणून त्याने विचारलं.

उस्तादांनी पडद्याकडे मान वळवली.

तो तरातरा गेला. ताडपत्री सारली. व्हॅन आत उभी होती. त्याने दाराला हात लावला, तर दार अलगद सरकलं. काही अडत नव्हतं.

“दार तर झालंय.”

“झालंय,” उस्ताद मागून येत म्हणाले. “आलं त्याच दिवशी.”

“मग गाडी का ठेवून घेतली?”

उस्तादांनी हातातल्या पेरूची आणखी एक फोड केली.

जिनपाल खाली वाकला, गाडीच्या तळाशी डोकं घातलं. त्याने दिलेला काळा लेप जसाच्या तसा होता. कुठे ओरखडा नाही, कुठे खरवडलेलं नाही. आत बाकाचे बोल्टही त्याने आवळले तसेच. त्याने जी भांडणाची वाक्यं रस्त्याने जुळवत आणली होती, त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं.

“तुम्ही काही उघडलं नाही...”

“नाही.”

“मग कशावरून...”

उस्तादांनी पेरूची फोड त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही.

“दाराचं सांगता सांगता सातगोंडा म्हणाला,” उस्ताद सावकाश बोलले, “की जिनपालची पोरगी आता मागं बसत नाही.”

...

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

मग जिनपालने स्वतःच भिंतीवरचा पाना काढला. बोल्ट सोडवले. बाक उचलून बाहेर ठेवलं. छिन्नी कडेला लावून हातोडीचा एक ठोका घातला. पुट्टीचा पापुद्रा उडाला. दुसऱ्या ठोक्याला त्याने इतक्या नेमकेपणाने कापलेला पत्रा एका बाजूने सुटून वर आला. तो हाताने धरून त्याने ओढला. बाकीचाही निघाला. फारसा जोर लावावा लागला नाही.

तो पत्रा हातात घेऊन तो जमिनीवर बसला.

या बाकावर रोज कोण कोण बसत होतं, ते त्याला एकेक करून आठवत गेलं. तोंडं आठवली, दप्तरं आठवली. सकाळी त्याच्या दारासमोर थांबून चंदनाला हाका मारायची ती सगळी.

मान वर करून त्याने विचारलं, हे कुणाला सांगितलंत?

“काय सांगणार? दार सरकत नव्हतं, एवढंच मला ठाऊक.”

ते खरं असावं असं वाटत होतं, तरी जिनपालच्या मनातला जुना काटा तेवढ्याने निघाला नाही. उलट आता तो तोंडावर आला.

“मी मशीनचं विचारायला आलो, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. घरात करायचंय, पत्र्याला लागणार आहे, कुठलं चालेल नि कुठलं नाही, सगळं माहीत होतं. का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तू दुसरं घेतलं असतंस.”

जिनपालने मान खाली घातली. हे त्याने कुणाजवळही बोलून दाखवलं नव्हतं, त्रिशलाजवळसुद्धा.

“आणि इतकी वर्षं? पडद्याच्या आत का नाही बोलावलंत?”

“तू कधी विचारलंस? तू शोधत होतास...”

उस्ताद उठले. कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं काढलं. तेच मशीन, लहान, रंग उडालेलं, जे जिनपालने चोरून पाहिलं होतं. घरी नेऊन लपवलेलं दुसरं मशीन नव्हतंच.

त्यांनी सिलिंडरची चावी उघडली, ताडपत्रीची कड ओढून फट बंद केली. जिनपालने पडद्याकडे पाहिलं.

“हा पडदा...”

“वाऱ्यासाठी. वारा गॅस उडवून नेतो, मग वेल्डिंगचा टाका जळतो. रस्त्यावरून जाणारी पोरंही उजेडाकडं बघत राहतात, त्यांचे डोळे बिघडतात.”

एवढंच होतं ते. जिनपालला हसू येईना आणि रडूही येईना.

उस्तादांनी नवा पत्रा कापायला लावला. तो त्याने कापला, ठोकून बसवला. मग उस्तादांनी मशीनचं बटण अगदी खाली फिरवलं, तोंडापुढे काळी काच धरली आणि एका कोपऱ्यात एकच टाका मारला. निळा उजेड चमकून विझला. भोक पडलं नाही. डाळीच्या दाण्याएवढा टाका दोन्ही पत्र्यांना धरून बसला होता.

जिनपाल दुसऱ्या टाक्यासाठी गन घ्यायला पुढे झाला. उस्तादांनी त्याचा हात धरला, हातमोजा काढला आणि त्याचा उघडा तळवा टाक्यापासून वीतभर अंतरावर पत्र्यावर टेकवला.

जिनपालने चटकन हात उचलला.

उस्तादांनी तो पुन्हा टेकवला... पुन्हा उचलला गेला.

ते पाटावर बसून राहिले. पत्रा हळूहळू निवत गेला. मग एका क्षणी जिनपालचा तळवा पत्र्यावर राहिला.

उस्तादांनी गन त्याच्या हातात दिली, दूरच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि पडद्याबाहेर निघून गेले.

*

आत जिनपाल एकटाच होता.

एक टाका मारायचा. पत्र्यावर तळवा ठेवायचा. तो तिथे राहीपर्यंत थांबायचं, म्हणजे पत्रा निवतो आणि गळत नाही. मग पार दुसऱ्या टोकाला जाऊन पुढचा टाका. आजवर त्याने पडद्याबाहेरून पाहिलेला तो चमकून विझणारा उजेड आणि त्यानंतरचा तो मोठा रिकामा वेळ, दोन्ही आता त्याच्या हातात होतं. फटीतून डोकावणाऱ्याने खरंच सांगितलं होतं. चाचा नुसते बसून असायचे.

तरी सवय सुटली नाही. थोड्या वेळाने त्याला वाटलं, बाहेरून माझ्यावर नजर असणार. परीक्षा घेतायत. त्याने ताडपत्रीची कड बोटभर सरकवून पाहिलं.

उस्ताद बाजेवर आडवे झाले होते, त्याच्याकडे पाठ करून. पाय पोटाशी घेतले होते. झोपलेच होते.

कुणी पाहत नव्हतं.

तो परत येऊन बसला. काम पुढे गेलं. बाकाच्या पायाची पट्टी जिथे तळाला टेकते, तिथे अगदी आतल्या अंगाला एक टाका नीट बसला नव्हता. वरून बरा दिसत होता, पण त्याने एकाच पत्र्याला धरलं होतं. बाक बसलं की तो कुणाच्या दृष्टीस पडणार नव्हता. आजूबाजूचे टाके पक्के होते. त्या एकाने काही बिघडलंही नसतं कदाचित.

जिनपाल त्याच्याकडे पाहत बसला.

मग त्याने ग्राइंडर घेतला आणि तो टाका घासून काढला. पत्रा निवू दिला. पुन्हा मारला. तोही मनासारखा झाला नाही, म्हणून तोही काढला. तिसऱ्या खेपेला त्याने छिन्नीचं टोक फटीत घालून जोर केला. पत्रा वाकला, टाका सुटला नाही. मग त्याने वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला.

ऊन उतरायला लागलं, तेव्हा त्याचा तळवा लाल झाला होता. तळाच्या कडेने टाक्यांची रांग उभी होती, जरा वेडीवाकडी. त्याने पुट्टी भरली नाही. टाके उघडे ठेवले आणि गंज धरू नये म्हणून त्यांवर नुसता पातळ रंग मारला. बाक मात्र बाहेरच राहू दिलं.

नंतर तो सांगलीला गेला आणि गोणपाटाखालचं लहान मशीन मागून घेतलं, तेव्हा दुकानदाराला आश्चर्य वाटलं. लाल मशीन त्याने विकलं नाही. त्यावर गेटं होतात, जाळ्या होतात, आणि चांगली होतात. गाडीच्या पत्र्याच्या जवळ मात्र तो ते आणत नाही. घरामागच्या शेडच्या दोन्ही उघड्या बाजूंना त्रिशलाने जुन्या ताडपत्र्या शिवून लावल्या. उदगावात आता पोरं त्या पडद्याविषयी काहीबाही बोलतात. आत डोकावणाऱ्याला जिनपाल डोळ्यापुढे धरायला काच देतो आणि बसवून घेतो.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळचं अजून सांगायचं राहिलं.

उस्तादांनी निरोप पाठवला होता, म्हणून सातगोंडा गाडी न्यायला आला. येताच त्याने दार सरकवून पाहिलं आणि मान हलवली. मग त्याचं लक्ष बाहेर ठेवलेल्या बाकाकडे गेलं.

त्याने चाचांकडे पाहिलं. चाचा चुलीवर चहाचं आधण ठेवत होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

जिनपाल पुढे झाला. हात पुसायला फडकं घेतलं होतं, ते त्याने हातातच चुरगळलं. मग त्याने सांगितलं. फार लांबवलं नाही. पत्रा जोडला गेला नव्हता, आपल्याला ते ठाऊक होतं, वरून पुट्टी भरून झाकलं होतं, आणि आपली पोरगी पुढं बसवायला सांगितली होती. ओढून काढलेला आधीचा पत्राही त्याने सातगोंडाच्या हातात दिला.

सातगोंडा तो उलटसुलट करून पाहत राहिला. त्याचा आवाज कधी चढायचा नाही, तो आताही चढला नाही. चेहरा मात्र पांढरा पडला होता.

“मी रोज पंधरा पोरं घालून जात होतो, जिनपाल.”

जिनपालने सरकून गाडीकडची वाट मोकळी केली.

सातगोंडा गाडीत वाकला. उघडे टाके पाहिले. एकेकावरून अंगठा फिरवला. त्याच्या मनात आता काय चाललं होतं, ते दिसत होतं. मागच्या वेळीही त्याने असाच वाकून हात फिरवला होता आणि खूश होऊन गेला होता. आता त्याला स्वतःच्या हातावरही भरवसा राहिला नव्हता.

तो सरळ उभा राहिला. जिनपालकडे न पाहता तो थेट उस्तादांच्या पुढ्यात गेला.

“चाचा, तुम्हीच सांगा. आता हे पक्कं आहे का?”

उस्तादांनी आधणात चहाची पूड टाकली.

“मी बघितलं नाही.”

“तुमच्या शेडात झालं... आणि तुम्ही बघितलं नाही?”

“मी झोपलो होतो.”

सातगोंडा गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. हा माणूस आपली थट्टा करतोय, की तोही काही झाकतोय, हेच त्याला कळेना.

“मग मी विचारू तरी कुणाला?”

उस्तादांनी चहा गाळला. पहिला कप उचलून त्यांनी सातगोंडाच्या हातात दिला, दुसरा जिनपालकडे सरकवला.

“ज्यानं झाकलं होतं,” ते म्हणाले, “त्याला विचार.”